फुलहॅम फुटबॉल क्लबमधील व्यवस्थापक बदल (२०१३–१४)

फुलहॅम हा पश्चिम लंडनमधील फुटबॉल क्लब २०१३–१४ च्या हंगामात इंग्लिश प्रीमियर लीगमधून पदावनत झाला. या एकाच हंगामात क्लबची सूत्रे मार्टिन योल, रेने म्युलेनस्टीन आणि फेलिक्स मागाट या तिघांनी क्रमाक्रमाने सांभाळली. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी नियुक्त झालेले मागाट हे प्रीमियर लीगमधील पहिले जर्मन व्यवस्थापक होते. जर्मनीत बुंडेसलीगाचे विजेतेपद तीनदा मिळवलेल्या आणि संकटातील संघांना वाचवण्यासाठी ख्यातनाम असलेल्या या व्यवस्थापकालाही फुलहॅमची घसरण थांबवता आली नाही. ३ मे २०१४ रोजी स्टोक सिटीकडून १–४ असा पराभव झाल्यावर क्लबचे प्रीमियर लीगमधील सलग तेरा हंगामांचे वास्तव्य संपुष्टात आले.

अडचणीतील क्लबमध्ये आलेला नवा व्यवस्थापक अपयशी का ठरतो, या प्रश्नाच्या अभ्यासासाठी हा हंगाम उपयुक्त आहे. मागाट यांच्या काळात संघाची गुण मिळवण्याची गती पूर्वीपेक्षा वाढली होती. तरीही संघ वाचला नाही. त्यामुळे या अपयशाची कारणे केवळ अखेरच्या व्यवस्थापकाच्या कामगिरीत न शोधता त्याच्या नियुक्तीपूर्वीच्या घडामोडींतही शोधावी लागतात.

## संज्ञा

इंग्लिश फुटबॉलमध्ये ‘व्यवस्थापक’ म्हणजेच मॅनेजर हा केवळ कार्यालयीन अधिकारी नसतो. संघनिवड, डावपेच व सराव यांची जबाबदारी त्याच्याकडे असते आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीतही परंपरेने त्याचा शब्द महत्त्वाचा असतो. ‘मुख्य प्रशिक्षक’ या पदाची व्याप्ती साधारणतः सराव व सामने यांपुरती असते. खरेदीचे निर्णय क्लबचे अन्य अधिकारी घेतात.

प्रीमियर लीगमध्ये वीस संघ असून प्रत्येक संघ ३८ सामने खेळतो. विजयाला तीन गुण व बरोबरीला एक गुण मिळतो. हंगामाच्या अखेरीस तळाचे तीन संघ चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत जातात. या घसरणीला पदावनती म्हणतात. गुण समान असल्यास केलेले गोल व स्वीकारलेले गोल यांतील फरक, म्हणजे गोलफरक, विचारात घेतला जातो.

पदावनतीचा आर्थिक फटका मोठा असतो. २०१३–१४ पासून दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे नवे करार लागू झाले होते. त्या हंगामात अगदी तळाला राहिलेल्या संघालाही लीगकडून ६ कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. दुसऱ्या श्रेणीतील उत्पन्न याच्या तुलनेत अत्यल्प असते. पदावनत क्लबांना काही वर्षे मिळणाऱ्या साहाय्यनिधीने हे अंतर अंशतःच भरून निघते. या भीतीपोटीच तळाजवळचे क्लब हंगामाच्या मध्यावर व्यवस्थापक बदलतात.

## पार्श्वभूमी

फुलहॅमने २००१ मध्ये सर्वोच्च श्रेणीत प्रवेश केला. २००८–०९ मध्ये रॉय हॉजसन यांच्या मार्गदर्शनाखाली संघ सातव्या स्थानी राहिला व २०१० मध्ये त्याने युरोपा लीगची अंतिम फेरी गाठली. हॅम्बुर्ग येथे झालेल्या त्या सामन्यात अॅटलेटिको माद्रिदने फुलहॅमचा २–१ असा पराभव केला.

२०११ मध्ये नेदरलंड्सचे मार्टिन योल व्यवस्थापक झाले. त्यांच्या पहिल्या हंगामात संघ ५२ गुणांसह नववा, तर दुसऱ्या हंगामात ४३ गुणांसह बारावा आला. दरम्यान २०१२ च्या उन्हाळ्यात डॅनी मर्फी, मूसा डेम्बेले आणि क्लिंट डेम्पसी हे मधल्या व आघाडीच्या फळीतील तीन प्रमुख खेळाडू क्लबबाहेर गेले. डेम्पसीने आधीच्या लीग हंगामात १७ गोल केले होते. २०१३ मध्ये अनुभवी गोलरक्षक मार्क श्वार्झर चेल्सीकडे गेला.

त्यांच्या जागी क्लबने प्रामुख्याने वयाने प्रौढ किंवा उसनवारीवर आणलेल्या खेळाडूंवर भिस्त ठेवली. २०१३–१४ च्या संघात दिमितार बर्बातोव, स्कॉट पार्कर, डेमियन डफ, योन आर्ने रीसे, ब्रेडे हांगेलंड आणि यॉर्गोस कारागूनिस हे सर्व तिशी ओलांडलेले खेळाडू होते. हा संघ लीगमधील सर्वाधिक सरासरी वयाच्या संघांपैकी एक होता. जुलै २०१३ मध्ये क्लबची मालकी मोहम्मद अल-फायद यांच्याकडून पाकिस्तानात जन्मलेले अमेरिकी उद्योजक शाहिद खान यांच्याकडे आली. म्हणजे संघ वृद्धत्वाकडे झुकत असतानाच व्यवस्थापनाची वरची फळीही नवी होती.

## घटनाक्रम

### मार्टिन योल (१ डिसेंबर २०१३ पर्यंत)

पहिल्या सामन्यात संडरलंडवर १–० असा विजय मिळूनही संघाला सूर गवसला नाही. २१ ऑक्टोबर रोजी क्रिस्टल पॅलेसला ४–१ असे नमवल्यानंतर लीगमध्ये सलग पाच पराभव झाले. १३ नोव्हेंबर रोजी क्लबने मँचेस्टर युनायटेडचे माजी प्रशिक्षक रेने म्युलेनस्टीन यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले. योल मात्र व्यवस्थापकपदी कायम राहिले. ही द्विस्तरीय रचना जेमतेम अडीच आठवडे टिकली. ३० नोव्हेंबरला वेस्ट हॅमकडून ०–३ अशी हार झाल्यावर दुसऱ्याच दिवशी योल यांना पदमुक्त करण्यात आले.

### रेने म्युलेनस्टीन (१ डिसेंबर २०१३ – १४ फेब्रुवारी २०१४)

म्युलेनस्टीन यांनी अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या हाताखाली मँचेस्टर युनायटेडमध्ये दीर्घकाळ काम केले होते. स्वतंत्रपणे संघ सांभाळण्याचा त्यांचा अनुभव मात्र तुटपुंजा होता; त्याच वर्षी रशियातील आंझी मखाचकला या क्लबमध्ये ते केवळ सोळा दिवस प्रमुखपदी होते. त्यांच्या काळात संघ अधिक आक्रमक झाला, पण बचाव ढासळला. २८ डिसेंबरला हल सिटीने उत्तरार्धात सहा गोल करून फुलहॅमचा ६–० असा धुव्वा उडवला.

डिसेंबरच्या अखेरीस अॅलन कर्बिशली यांची तांत्रिक संचालक आणि रे विल्किन्स यांची साहाय्यक मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. जानेवारीत संघाची मोठी फेररचना झाली. बर्बातोव, ब्रायन रुइझ, फिलिप सेंडेरोस व एरन ह्यूज बाहेर गेले. यॉन हायटिंगा, लुईस होल्टबी, विल्यम क्विस्ट आणि काही तरुण खेळाडू आत आले. डेम्पसीही अल्पकाळासाठी उसनवारीवर परतला. मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ जानेवारी रोजी, ऑलिंपियाकोसचा ग्रीक आघाडीपटू कोस्तास मित्रोग्लू याला सुमारे १ कोटी २० लाख पौंड मोजून विकत घेण्यात आले. ही क्लबच्या तोपर्यंतच्या इतिहासातील सर्वांत महागडी खरेदी होती.

४ फेब्रुवारीला एफए चषकात तिसऱ्या श्रेणीतील शेफील्ड युनायटेडकडून फुलहॅम पराभूत झाला. ९ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडने ८१ क्रॉस टाकूनही फुलहॅमने भरपाई वेळेतील डॅरेन बेंटच्या गोलामुळे २–२ अशी बरोबरी साधली. तीन दिवसांनी लिव्हरपूलविरुद्ध शेवटच्या क्षणांतील पेनल्टीमुळे संघ २–३ असा हरला. या सामन्यानंतर दोनच दिवसांनी मागाट यांची नियुक्ती जाहीर झाली.

### फेलिक्स मागाट (१४ फेब्रुवारी २०१४ पासून)

मागाट यांनी खेळाडू म्हणून १९८३ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात हॅम्बुर्गतर्फे युव्हेंटसविरुद्ध विजयी गोल केला होता. व्यवस्थापक म्हणून त्यांनी बायर्न म्युनिकला २००५ व २००६ मध्ये आणि वोल्फ्सबुर्गला २००९ मध्ये बुंडेसलीगाचे विजेतेपद मिळवून दिले. त्यापूर्वी डिसेंबर १९९९ मध्ये आइन्ट्राख्ट फ्रँकफुर्ट व फेब्रुवारी २००१ मध्ये श्टुटगार्ट या संकटातील क्लबांची सूत्रे घेऊन त्यांनी दोघांनाही पदावनतीपासून वाचवले होते. कठोर शारीरिक सरावामुळे जर्मनीत त्यांना ‘क्वेलिक्स’ हे टोपणनाव पडले होते; छळणे या अर्थाचे जर्मन क्रियापद व फेलिक्स हे नाव यांच्या जोडणीतून ते तयार झाले आहे.

नियुक्तीच्या वेळी फुलहॅम २६ सामन्यांत २० गुणांसह तळाला होता आणि सुरक्षित स्थान चार गुण दूर होते. मागाट यांच्या पहिल्या चार सामन्यांत एक बरोबरी, दोन पराभव व एक विजय अशी कामगिरी झाली. त्यांतील कार्डिफ सिटीविरुद्धचा १–३ असा पराभव विशेष महागात पडला, कारण कार्डिफही पदावनतीच्या छायेतच होता. एप्रिलमध्ये अॅस्टन व्हिला व नॉर्विच सिटी यांच्यावर लागोपाठ विजय मिळाल्याने आशा पल्लवित झाल्या. परंतु २६ एप्रिलला हल सिटीविरुद्ध दोन गोलांची आघाडी गमावून सामना २–२ असा सुटला आणि पुढच्याच सामन्यात पदावनती निश्चित झाली. फुलहॅम ३२ गुणांसह एकोणिसाव्या स्थानी राहिला. त्याने स्वीकारलेले ८५ गोल हे त्या हंगामातील लीगमधील सर्वाधिक होते.

## तिन्ही कारकिर्दींची तुलना

केवळ प्रीमियर लीगमधील सामने :

| प्रमुख | सामने | विजय | बरोबरी | पराभव | केलेले गोल | स्वीकारलेले गोल | गुण |
|---|---|---|---|---|---|---|---|
| योल | १३ | ३ | १ | ९ | ११ | २४ | १० |
| म्युलेनस्टीन | १३ | ३ | १ | ९ | १५ | ३४ | १० |
| मागाट | १२ | ३ | ३ | ६ | १४ | २७ | १२ |
| एकूण | ३८ | ९ | ५ | २४ | ४० | ८५ | ३२ |

योल व म्युलेनस्टीन यांच्या कारकिर्दींतील विजय, बरोबरी आणि पराभव यांची संख्या तंतोतंत सारखी आहे. पहिल्या बदलामुळे गोल अधिक झाले, पण स्वीकारलेल्या गोलांत त्याहून अधिक भर पडली. मागाट यांच्या काळात मात्र प्रतिसामना सरासरी ०.७७ वरून १ गुणावर गेली. हीच गती संपूर्ण हंगामभर असती तर संघाला ३८ गुण मिळाले असते; त्या वर्षी तेवढ्याच गुणांवर संडरलंड चौदाव्या स्थानी राहिला.

## अपयशाची कारणे

### उरलेल्या सामन्यांचे गणित

सतराव्या, म्हणजे शेवटच्या सुरक्षित स्थानी राहिलेल्या वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियनला ३६ गुण मिळाले. फुलहॅमचा गोलफरक त्याच्यापेक्षा कितीतरी वाईट असल्याने, अन्य निकाल तेच राहिले असते तर, फुलहॅमला ३७ गुणांची आवश्यकता होती. म्हणजे मागाट यांना १२ सामन्यांत १७ गुण हवे होते. ही सरासरी प्रतिसामना १.४ हून अधिक भरते आणि संपूर्ण हंगामात सुमारे ५४ गुणांइतकी होते. २६ सामन्यांत तळाला राहिलेल्या संघाकडून गुणतालिकेच्या वरच्या अर्ध्या भागातील संघासारखी कामगिरी अपेक्षित होती. सुधारणा झाली, पण ती आवश्यकतेपेक्षा कमी पडली.

### खरेदीची मुदत संपल्यानंतरची नियुक्ती

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत, ३१ जानेवारीला संपली आणि मागाट त्यानंतर दोन आठवड्यांनी आले. जानेवारीतील सर्व खर्च त्यांच्या पूर्वाधिकाऱ्याच्या काळात झाला होता. त्यांच्या हाती आलेला संघ त्यांनी निवडलेला नव्हता आणि त्यात बदल करण्याचा मार्गही बंद होता. विक्रमी किमतीत घेतलेला मित्रोग्लू दुखापत व अपुऱ्या तंदुरुस्तीमुळे केवळ तीन सामने खेळला व त्याला एकही गोल करता आला नाही.

### संघाची रचना

वय वाढलेल्या संघाची अडचण प्रामुख्याने वेगाची असते. चेंडू गमावल्यावर मागे धावण्यात बचाव अपुरा पडतो आणि सामन्याच्या उत्तरार्धात ही उणीव अधिक जाणवते. अशा संघाला कठोर शारीरिक सरावाने तातडीने बदलणे कठीण असते. त्यासाठी उन्हाळी सुट्टीतील पूर्वतयारीचा काळ लागतो. मागाट यांची पद्धत अशाच दीर्घ तयारीवर आधारलेली होती, पण त्यांना ती संधी हंगाम संपल्यानंतरच मिळणार होती.

### अधिकारांची अस्थिर साखळी

तीन महिन्यांच्या अवधीत क्लबमध्ये व्यवस्थापक, मुख्य प्रशिक्षक, तांत्रिक संचालक आणि साहाय्यक मुख्य प्रशिक्षक अशी पदे निर्माण झाली किंवा बदलली. मागाट आल्यानंतर थोड्याच दिवसांत कर्बिशली व विल्किन्स हे दोघेही क्लबबाहेर पडले. प्रत्येक बदलाबरोबर सरावाची पद्धत, डावपेच आणि पसंतीचे अकरा खेळाडू बदलत गेले. तळाच्या संघाला सर्वाधिक गरज असते ती बचावफळीतील परस्पर समजुतीची. ती एकाच रचनेत वारंवार खेळल्यानेच येते.

### व्यवस्थापक व खेळाडू यांचे संबंध

मागाट यांच्या शिस्तीविषयी खेळाडूंमध्ये नाराजी असल्याचे पुढे उघड झाले. कर्णधार हांगेलंड याने क्लब सोडल्यानंतर सांगितले, की मांडीच्या दुखापतीवर मद्यात भिजवलेले चीज ठेवण्याचा सल्ला मागाट यांनी दिला होता. दह्याच्या चक्क्यासारख्या ‘क्वार्क’चा घरगुती उपाय आपण केवळ सुचवला होता व उपचारांचा निर्णय डॉक्टरांचाच होता, असे मागाट यांचे म्हणणे होते. हा प्रसंग पुष्कळ गाजला. मात्र पदावनतीचे कारण म्हणून त्याचे महत्त्व मर्यादित आहे, कारण २६ पैकी १८ लीग सामने संघ त्याआधीच हरला होता.

## त्याच हंगामातील अन्य क्लब

२०१३–१४ मध्ये पदावनत झालेल्या तिन्ही क्लबांनी हंगामात व्यवस्थापक बदलला होता. परंतु वाचलेल्या काही क्लबांनीही तेच केले होते. बदल केव्हा झाला, हा त्यांच्यातील लक्षणीय भेद आहे.

* क्रिस्टल पॅलेस – इयान हॉलोवे ऑक्टोबरमध्ये पायउतार झाले व २३ नोव्हेंबरला टोनी प्युलिस आले. १२ सामन्यांत ७ गुण असलेल्या संघाने उरलेल्या २६ सामन्यांत ३८ गुण मिळवून अकरावे स्थान पटकावले. प्युलिस हंगामातील सर्वोत्तम व्यवस्थापक ठरले.
* संडरलंड – पाओलो दी कानिओ यांना सप्टेंबरमध्येच हटवण्यात आले. ऑक्टोबरमध्ये आलेल्या गुस पोयेत यांचा संघ एप्रिलमध्येही तळाला होता, पण अखेरच्या टप्प्यात सलग चार विजय मिळवून तो वाचला.
* वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियन – डिसेंबरमध्ये स्टीव्ह क्लार्क गेले व जानेवारीत पेपे मेल आले. संघ सतराव्या स्थानी राहून थोडक्यात बचावला.
* कार्डिफ सिटी – डिसेंबरच्या अखेरीस माल्की मॅके यांना हटवून जानेवारीत ओले गुन्नार सोल्शर यांना नेमण्यात आले. संघ ३० गुणांसह तळाला राहिला.
* नॉर्विच सिटी – ६ एप्रिलला, पाच सामने उरले असताना, ख्रिस ह्यूटन यांच्या जागी नील अॅडम्स आले. त्या पाच सामन्यांत संघाला केवळ एक गुण मिळाला व तो अठराव्या स्थानी राहिला.

पॅलेस व संडरलंड यांनी नव्या व्यवस्थापकांना हंगामाचा बहुतांश भाग दिला आणि त्यांना जानेवारीतील खरेदीची संधीही मिळाली. कार्डिफच्या उदाहरणावरून मात्र हेही दिसते, की वेळेवर केलेला बदल यशाची हमी देत नाही.

## २००७–०८ मधील उदाहरण

फुलहॅमच्याच इतिहासात याविरुद्ध उदाहरण आढळते. डिसेंबर २००७ मध्ये लॉरी सांचेझ यांना हटवून रॉय हॉजसन यांना नेमण्यात आले, तेव्हाही संघ पदावनतीच्या छायेत होता. हॉजसन यांना जानेवारीची संपूर्ण मुदत मिळाली व त्यांनी कोपनहेगनहून हांगेलंडला आणले. सुरुवातीचे निकाल निराशाजनक असूनही क्लबने त्यांच्यावर विश्वास ठेवला. संघाने अखेरचे तिन्ही सामने जिंकले. पोर्ट्समथविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात मर्फीने केलेल्या गोलामुळे फुलहॅम ३६ गुणांवर पोहोचला व तेवढेच गुण असलेल्या रेडिंगपेक्षा सरस गोलफरकामुळे वाचला. हे यशही अत्यंत निसटते होते. एक गोल कमी झाला असता, तर हॉजसन यांच्या नियुक्तीचीही गणना फसलेल्या बदलांत झाली असती.

## बदलाच्या परिणामांविषयीचा अभ्यास

डच अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातील नेदरलंड्सच्या लीगमधील व्यवस्थापक बदलांचा अभ्यास केला. कामगिरी घसरल्यावर व्यवस्थापक बदलणारे क्लब आणि तशीच घसरण होऊनही न बदलणारे क्लब यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही गटांची कामगिरी पुढे साधारण सारख्याच प्रमाणात सुधारली.

यामागील तत्त्व संख्याशास्त्रातील ‘सरासरीकडे परतणे’ हे आहे. व्यवस्थापकाची हकालपट्टी बहुधा संघाच्या सर्वांत वाईट कालखंडात होते. अशा कालखंडात दुबळ्या खेळाबरोबर दुर्दैवाचाही वाटा असतो. तो वाटा पुढे आपोआप कमी होतो आणि निकाल सुधारतात. त्याचे श्रेय नव्या व्यवस्थापकाला मिळते. संघाची मूळ कुवतच कमी असेल, तर ही सुधारणा अल्पकाळ टिकते किंवा अपुरी पडते आणि अपयशाचा दोषही त्याच्याच माथी येतो.

## पुढील काळ

पदावनतीनंतर डफ, रीसे, हांगेलंड, कारागूनिस यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडू क्लबमधून बाहेर पडले. मागाट यांनी चॅम्पियनशिपसाठी तरुण खेळाडूंचा नवा संघ उभारला. या वेळी त्यांना खरेदीची मुदत व पूर्वतयारीचा काळ दोन्ही मिळाले, तरीही पहिल्या सात लीग सामन्यांत एकच गुण मिळाला. १८ सप्टेंबर २०१४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. केवळ वेळेचा अभाव हे त्यांच्या अपयशाचे संपूर्ण स्पष्टीकरण नाही, हे यावरून दिसते. किट सिमन्स यांच्या मार्गदर्शनाखाली संघ त्या हंगामात सतराव्या स्थानी राहिला.

फुलहॅम २०१८ मध्ये प्रीमियर लीगमध्ये परतला. २०१८–१९ मध्ये १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम खेळाडूंवर खर्च होऊनही जवळजवळ तसाच क्रम पुन्हा घडला. नोव्हेंबरमध्ये स्लाविशा योकानोविच यांना हटवून लेस्टर सिटीला २०१६ मध्ये विजेतेपद मिळवून देणारे क्लाउदिओ रानिएरी यांना आणण्यात आले. फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांच्या जागी स्कॉट पार्कर आले. २ एप्रिल २०१९ रोजी संघ पुन्हा पदावनत झाला व २६ गुणांसह पुन्हा एकोणिसाव्या स्थानी राहिला. या वेळी मात्र क्लबने पार्कर यांना कायम ठेवले आणि पुढच्याच हंगामात, २०२० मध्ये, फुलहॅमने प्रीमियर लीगमधील स्थान परत मिळवले.